वाटणीतली भट्टी

बिस्किटवाल्याच्या घरात जन्मले म्हटलं, की लोक हसून म्हणतात, "मग काय, बालपण गोडच गेलं असेल." आमच्या बिस्किटांपायी पहिलं डोकं फुटलं ते भट्टी पेटायच्याही आधी, आणि ते माझ्या आजोबांचं होतं. त्यानंतर निपाणीच्या आमच्या त्या अंगणात इतक्यांदा रक्त सांडलं, की सारवताना आई डाग कुणाचा हे विचारायच्या भानगडीत पडत नसे. शेणाचा हात फिरवायची आणि पुढं सरकायची.

आजोबा शेतकऱ्याच्या घरचे. बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या पलटणीला पाव-बिस्किटं पुरवणारी एक भट्टी होती, तिथं ते कामाला लागले. तिथला मुकादम लाथेनं शिकवायचा. बिस्किटांचा पत्रा करपला की लाथ, कच्चा राहिला की लाथ. "म्या बिस्कीट हातानं न्हाय शिकलो, पाठीनं शिकलो," असं आजोबा म्हणायचे, आणि वर मोठ्यानं हसायचे. शिकून झाल्यावर ते निपाणीला परत आले आणि घराच्या परसात स्वतःची भट्टी घालायला घेतली. गावात बोभाटा झाला. पावात ताडी घालतात, पीठ पायानं तुडवतात, साहेबाचं उष्टं खाऊन आलेला हा माणूस आता अख्ख्या गावाला बाटवणार! भट्टीच्या घुमटाच्या शेवटच्या विटा बसत होत्या आणि दगड आले. आजोबांचं कपाळ फुटलं. त्यांनी रक्त पुसलं नाही, जो पहिला हाताला लागला त्याचं तोंड कालवलेल्या मातीत खुपसलं, आणि त्याच्या मानेवर गुडघा ठेवून गर्दीला सांगितलं, की माझ्या बिस्किटात ताडी नाही, अंडं नाही, नुसतं तूप, साखर आणि रवा. पिठाला धुतलेला पायसुद्धा लागणार नाही.

तरी बराच काळ कुणी हात लावला नाही. पुढं कुणाचं तरी पोर तापातून उठलं, वैद्यानं दुधात बुडवून काहीतरी हलकं द्या म्हणून सांगितलं, आणि पदराआडून आमची बिस्किटं जायला लागली. ज्यांच्या घरातून दगड आले होते, त्यांच्याच घरातून पहिली गिऱ्हाइकं आली. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, पण आमच्या वैद्याला आजोबांनी मरेपर्यंत फुकट बिस्किटं घातली.

माराखाली शिकलेला माणूस दुसरं शिकवणार काय? आजोबांना दोन मुलगे. थोरले माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, आणि धाकटे माझे चुलते, ते आप्पा. ज्यानं पत्रा करपवला त्याच्या दंडाला आजोबा तोच तापलेला पत्रा टेकवायचे. दोघांच्या दंडांवर काळे पट्टे होते, आप्पांच्या दंडावर जास्त. अण्णा ते पाहून हसायचे. मला वाटतं, आमच्या घरातलं वैर त्या हसण्यातून सुरू झालं, इस्टेटीचं निमित्त नंतरचं.

घर फुटू नये म्हणून सख्ख्या बहिणी सुना करून आणल्या. आधी माझी आई आली, बेळगुंदीहून. मग काही वर्षांनी तिची धाकटी बहीण आप्पांना दिली. तिला काकू म्हणायला हवं होतं, पण माझ्या तोंडात मावशीच बसलं. मावशी हसायला लागली की पुढच्या दुकानात गिऱ्हाइकं माना वळवायची. ती आली तेव्हा आईनं तिच्या गळ्यात पडून आधी हसून घेतलं आणि मग खूप रडली, असं ती स्वतःच सांगायची. एवढं रडायला काय झालं, हे मात्र सांगायची नाही.

आजोबा गेले. तेराव्याच्या पंक्ती उठायच्या आत दोघा भावांनी वाटणी मागितली. घर दोन झालं, भांडी दोन झाली, म्हशीसुद्धा. भट्टी कशी कापणार? पंच सगळे शेतकरी. ते म्हणाले, सामाईक विहिरीला जशी पाळी असते, तशी भट्टीला पाळी लावा. एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या भागात पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटतात हे ठाऊक असलेल्याच माणसांनी हा तोडगा काढला, त्यांच्या अकलेला काय म्हणावं!

शिवाय विहीर आणि भट्टी यात फरक आहे. विहिरीत पाणी आपोआप झरतं. भट्टीच्या पोटात लाकडं जाळावी लागतात, विटा लाल झाल्या की निखारे ओढून काढायचे, ओल्या पोत्यानं तळ पुसायचा आणि त्या उबेवर पत्रे लावायचे. ही ऊब दुसऱ्या दिवसापर्यंत राहते. म्हणजे आज ज्यानं लाकूड जाळलं, त्याची ऊब उद्या दुसऱ्याच्या वाट्याला. रोज एकाला वाटायचं, आपण लुटलो गेलो. आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला. दोघंही रोज लुटले जायचे आणि दोघंही रोज चोर ठरायचे.

एका संध्याकाळी आप्पांनी आपली पाळी संपताना तापलेल्या भट्टीत बादल्या ओतल्या. ऊब भावाला मिळू नये म्हणून. आतून वाफ फुत्कारत आली आणि विटा तडकल्याचे आवाज गल्लीपर्यंत गेले. अण्णा लांब दांड्याचं फावडं घेऊन धावले. त्या फावड्यानं आम्ही पत्रे आत सारायचो. त्याच्या दांड्यानं त्यांनी आप्पांचा खांदा उतरवला, आणि खाली पडलेल्या आप्पांनी अण्णांच्या पायाचा असा चावा घेतला, की मांसाचा तुकडा निघाला. पंच परत आले. पाणी ओतायला बंदी झाली.

मग पाळीचं वेडच लागलं. गणपती पाळीनं, दारातल्या माडाचे नारळ पाळीनं. सासुरवाडी दोघांची एकच, तर तिथंही पाळी. या सणाला एकानं जायचं, पुढच्याला दुसऱ्यानं. आणि अंगणात मातीची भिंत उभी राहिली, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मावशी. "पलीकडं बोललीस तर थोबाड फोडीन," हे अण्णा आईला म्हणाले आणि तेच आप्पा मावशीला म्हणाले. तेवढ्या एका गोष्टीसाठी त्यांना पंचांची गरज लागली नाही.

आप्पांचा मारायचा हात उजवा, आणि तो कायम मावशीच्या डाव्या कानावर पडायचा. पीठ सैल झालं, कानाखाली. पोर रडलं, कानाखाली. कान वाहायला लागला, वाहून वाहून सुकला आणि मग बंदच पडला. त्यानंतर कुणी काही बोललं की मावशी मान वळवून उजवा कान पुढं करायची. कोंबडी दाणा बघताना मान तिरकी करते तशी. हसायची मात्र पूर्वीसारखीच, आणि त्याचा मला राग यायचा. एवढं होऊन हसता कसं येतं?

अशात बेळगुंदीची माझी आजी, म्हणजे या दोघींची आई, अंथरुणाला खिळली. निरोप आला तेव्हा सासुरवाडीची पाळी अण्णांची होती. त्यामुळं आई गेली, मी गेले, मावशी राहिली. भिंतीपलीकडून तिचं रडणं ऐकत आम्ही मोटारीला निघालो. आजीला बोलायला धाप लागत होती. तिनं मला बाहेर जायला सांगितलं आणि आईच्या कानात काहीतरी सांगितलं, बराच वेळ. आई बाहेर आली आणि म्हणाली, "धाकटीला सांगायला सबूद दिलाय आयेनं."

पुढची पाळी आप्पांची. ती येईतो आजी गेली. मावशीच्या वाट्याला राख आली.

मी आईला म्हणाले, "मला सांग की, मी सांगते मावशीला. मला कोण अडवतंय?" आईनं मान हलवली. "मरणाऱ्याचा सबूद तिसऱ्या तोंडानं जात न्हाय. ज्याला दिला त्यानंच पोचवायचा. न्हायतर त्यो वाटंतच ऱ्हातो." तिच्या माहेरी असंच मानायचे. मला तेव्हा हा अडाणीपणा वाटला, आणि मी ते बोलूनही दाखवलं. ती चिडली नाही. भिंतीकडं बघत राहिली.

आता अडचण बघा. भिंतीच्या फटीतून कुजबुजावं, तर मावशीच्या एका कानाला तेवढं ऐकू येत नाही. ऐकू जाईल एवढ्यानं बोलावं, तर नवऱ्यांना ऐकू जातं. दोघी एकाच आडाच्या पाण्यावर, एकाच गिरणीवर, एकाच भट्टीवर, पण कायम वेगळ्या पाळीनं, आणि एकीजवळ दुसरीचा ठेवा अडकून पडलेला. आई रात्रंदिवस तेवढाच एक विचार करायची. भाजी चिरताना तिचे ओठ हलायचे. मला कळायचं, ती ते शब्द पुन्हा म्हणून बघतेय, विसरू नयेत म्हणून.

संक्रांतीला एका शेजारणीकडं हळदीकुंकू होतं. दोघी तिथं गेल्या. गर्दीत आई मावशीच्या उजव्या बाजूला सरकली, तिच्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, "धाकटे, ऐक. आयेनं तुला..." एवढंच. दारात अण्णा उभे होते. त्यांनी आईला वेणीला धरून गल्लीतून घरापर्यंत ओढत आणलं. बायका वाणाची ताटं घेऊन बघत राहिल्या. अंगणात त्यांनी निखारे ओढायची सळई उचलली, तेव्हा मी त्यांच्या हाताला कडकडून चावले. आप्पांचं बघून शिकले असेन. त्यांनी मला झटकलं, मी भिंतीवर आपटले, आणि सळई टाकून त्यांनी लाथांवर भागवलं. तेवढाच माझ्या दातांचा उपयोग झाला. पलीकडं आप्पांचाही हात चालू होता, तो आवाज ऐकू येत होता.

मग लढाईचे दिवस आले. जंगलातलं लाकूड पलटणीकडं जायला लागलं आणि आमच्या भट्टीला सरपण मिळेना. मागं राहिलेली ऊब आता सोन्याच्या भावाची झाली. पाणी ओतायला बंदी, म्हणून आप्पांनी नवी युक्ती काढली. निपाणीत तंबाखूला काय तोटा? पानं खुडून झाली की शेतात नुसती खोडं उभी असतात. आप्पांनी ती ओली खोडं गाडीभर आणली. आपली पाळी संपली की ती भट्टीत कोंबायची, पेटवायची नाहीत, नुसती धुमसत ठेवायची आणि तोंड बंद करायचं. सकाळी भावानं तोंड उघडलं की आत धूर आणि काजळी, ती साफ करता करता ऊब निघून जाईल, असा हिशेब.

एका सकाळी अण्णांनी भट्टीचं तोंड उघडलं. राख लोटली, तळ पुसला न पुसला, आणि आहे त्या उबेवर पत्रे सारले. त्यांना वास आला नाही. कुणालाच आला नाही. आमचं गाव तंबाखूच्या वखारींचं, वारा सुटला की ताटातल्या भातालाही तोच वास. आमची नाकं केव्हाच मेली होती. आणि तो दिवस नेमका एका व्यापाऱ्याच्या घरच्या लग्नाचा, वऱ्हाड बेळगावचं, चहाबरोबर द्यायला बिस्किटं आमची.

वऱ्हाडातली पोरं आधी ओकायला लागली. मग म्हाताऱ्या. मांडवात घाण झाली, नवरीच्या शालूवर झाली, कुणीतरी ओरडलं, "विष घातलं!" आणि वऱ्हाडी आमच्या दुकानावर चालून आले. त्यांनी बरण्या फोडल्या, अण्णांना बाहेर ओढून वहाणांनी मारलं, खाली पाडून छातीवर बसले आणि त्यांचीच बिस्किटं मुठी मुठीनं त्यांच्या तोंडात कोंबली. अण्णांना काही झालं नाही. जन्मभर चुना लावून तंबाखू खाणाऱ्या माणसाला काय होणार? पण त्यानं लोक जास्तच भडकले, आणि दोघा-तिघांनी मधे पडून सोडवलं नसतं, तर ते तिथंच संपले असते.

रक्ताळलेल्या तोंडानं अण्णा भट्टीजवळ आले. सळई आत घालून त्यांनी तळाची राख ओढली. एका कोपऱ्यातून अर्धवट जळालेलं तंबाखूचं खोड बाहेर आलं. ते त्यांनी हातात घेऊन वास घेतला. मग सळई तशीच हातात धरून भिंतीला वळसा घालून पलीकडं गेले. आई मागं धावली, तिच्यामागं मी.

आप्पा घरात नव्हते. दारात मावशी उभी होती, कणकेचे हात, डोक्यावरचा पदर मनगटानं सारखा करत. अण्णा तिचे थोरले दीर, पण त्याआधी बहिणीचा नवरा, म्हणून ती त्यांना दाजीच म्हणायची. अण्णा ओरडले, "कुटं हाय त्यो?" त्यांचे ओठ सुजलेले, शब्द फुटत नव्हते. मावशीला कळलं नाही. नेहमीच्या सवयीनं तिनं मान वळवली, उजवा कान त्यांच्यापुढं केला आणि म्हणाली, "काय म्हंता, दाजी?"

सळई त्या कानावर बसली.

ती ओरडलीसुद्धा नाही, दाराच्या चौकटीला धरून खाली बसली, आणि कानातून आलेलं रक्त कणकेच्या हातांना लागून गुलाबी झालं. आईनं अण्णांना दोन्ही हातांनी ढकललं. एवढा मोठा माणूस मागच्या मागं पडला आणि पडल्या जागी बसून राहिला. मला त्या क्षणी वाटलं, आईनं आता ती सळई उचलावी. आजही वाटतं. तिनं उचलली नाही, तिचे हात बहिणीच्या डोक्याखाली होते.

आप्पा आले, आणि मला वाटलं आता एक तरी मुडदा पडणार. तसं काही झालं नाही. दोघेही घाबरले होते. दोघांनी मिळून तिला मोटारीत घातलं आणि बेळगावला दवाखान्यात नेलं. आई आणि मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, कशानं लागलं? अण्णा म्हणाले, "भट्टीच्या कट्ट्यावरनं पडली." आप्पा म्हणाले, "व्हय, पाय घसरला." कितीतरी वर्षांत दोघा भावांचं एका बोलण्यावर एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांनी तिच्या कानाजवळ घंटी वाजवून बघितली, पितळेच्या भांड्यावर चमचा आपटून बघितला. मग त्यांनी आमच्याकडं बघून मान हलवली. एक कान आप्पांनी घेतला होता, दुसरा अण्णांनी. वाटणी बरोबर झाली होती.

फौजदारापर्यंत काही गेलं नाही. उलट भाऊ एक झाले. एकाच्या गुन्ह्याची दोरी दुसऱ्याच्या हातात, त्यापेक्षा पक्की गाठ कुठली? गावात दोघं एकाच छत्रीतून हिंडू लागले. व्यापाऱ्याकडं जाऊन दोघांनी मिळून पाय धरले. स्वातंत्र्य यायच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांनी अंगणातली भिंत पाडायचं ठरवलं. शेजारपाजारची माणसं जमली, कुणी नारळ फोडला, कुणी म्हणालं, "भाऊ असावं तर असं." दोघांनी धोतरं खोचून कुदळी घेतल्या.

पहिलं भगदाड पडल्याबरोबर आई त्यातून आत शिरली. ढेकळांवरून ठेचकाळत मावशीपाशी गेली. मावशी पडवीत बसून रवा चाळत होती, कानामागं सळईचा वण होता. आई तिच्यापुढं बसली, तिच्या हातातली चाळण काढून बाजूला ठेवली आणि तिच्या कानाला तोंड लावून बोलायला लागली. मावशी नुसती हसली. आईनं आवाज वाढवला. मग आणखी. मग ती ओरडायला लागली, असं की कुदळी थांबल्या, गल्लीतली माणसं थांबली, आणि ज्या शब्दांना तिसरं तोंडसुद्धा चालत नव्हतं ते सगळ्या गावानं ऐकले.

"आये म्हणाली, बा न्हाय म्हणत हुता. एक पोरगी तिथं मार खाती, दुसरी देऊ नगं म्हणत हुता. म्याच हट्ट केला. थोरली एकटी रडती, तिला सोबत व्हईल म्हणून म्या धाकटीला त्या घरात ढकलली. आये म्हणाली, तिला सांग, मला माफ कर म्हणावं. ऐकलंस का गं? आयेला माफ कर!"

अण्णा आणि आप्पा कुदळी धरून उभे होते. आईचा घसा बसला होता, तोंडावरून पाणी वाहत होतं. मावशीनं तिच्या हलणाऱ्या ओठांकडं नीट बघितलं. मग पदरानं तिचे डोळे पुसले आणि बहिऱ्या माणसांचा असतो तसल्या फार मोठ्या आवाजात म्हणाली,

"रडू नगं गं, आक्का. आता दुखत न्हाय मला."

आप्पांनी कुदळ उचलली आणि राहिलेली भिंत पाडायला घेतली. आईनं मावशीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.